तारीख मिळाली, दुखण्याचं काय?

स्त्रियांचं आरोग्य म्हटलं की आपल्या शिबिरांत चर्चा सुरू होते ती अंगावरून जाण्यापासून आणि संपते पिशवीच्या ऑपरेशनपाशी. मध्ये बाळंतपण, तांबी, रक्त कमी असणं, कंबरदुखी. हे सगळं महत्त्वाचंच आहे, आणि एवढं तरी मोकळेपणी बोललं जावं म्हणून आपल्या आधीच्या मैत्रिणींनी किती वर्षं खर्ची घातली हे मला माहीत आहे. पण गळ्याच्या वर आपण फारशा जात नाही. 'तोंड उघडा, बोलत्या व्हा' असं आपण बायकांना सांगतो, मात्र उघडलेल्या तोंडात दात कसे आहेत ते कुणी पाहत नाही.

म्हणून या अंकात मला दाढेबद्दल लिहायचं आहे, तेही अक्कलदाढेबद्दल. एका मैत्रिणीला हा विषय फोनवर सांगितला तेव्हा ती आधी हसलीच. 'अगं, दाढ दुखली म्हणून लेख?' हे तिचं हसणं मी मनात ठेवलं, कारण ते घराघरातलं आहे. २०२४ च्या पावसाळ्यात माझी डावीकडची खालची अक्कलदाढ काढून घेण्यासाठी मी सरकारी रुग्णालयाच्या तारखेची सत्तेचाळीस दिवस वाट पाहिली. त्या दिवसांत कामानिमित्त गावोगाव फिरणं चालूच होतं. माझा सुजलेला गाल पाहून बायका आपापल्या दाढांच्या हकिगती सांगायच्या. त्या ऐकता ऐकता मला पटत गेलं, की हे दुखणं आपल्याच कामाचं आहे.

साधी गोष्ट घ्या. अक्कलदाढ येते साधारण सतराव्या ते पंचविसाव्या वर्षांत. आपल्याकडे मुलीचं हे वय कशाचं? लग्नाचं, सासरी जाण्याचं, पहिल्या-दुसऱ्या बाळंतपणाचं. म्हणजे मुलीचे दुधाचे दात माहेरी पडतात आणि अक्कलदाढ बहुधा सासरी उगवते. नव्या घरात, जिथे चहा मागायचीही चोरी, तिथे 'माझी दाढ दुखतेय, मला तालुक्याला न्या' हे तिने कुणाला म्हणायचं? वर नाव अक्कलदाढ! 'सूनबाईंना आता अक्कल येतेय' हा विनोद मला तीन गावांत तीन निरनिराळ्या सासूबाईंनी ऐकवला. तिन्ही वेळा सून पदर गालाला लावून भाकरी थापत होती.

या दाढेची अडचण अशी, की ती सगळ्यांत शेवटी येते आणि तोवर जबड्यात जागा उरलेली नसते. मग ती अर्धवट वर येते, तिरपी येते, कधी हाडात आडवी झोपून राहते आणि पुढच्या दाढेला रेटते. अर्धी बाहेर असेल तर तिच्यावर हिरडीची एक झालर राहते. त्या झालरीखाली अन्नाचे कण अडकतात, ते ब्रशने निघत नाहीत, आणि तिथे जंतूंचं घर होतं. हिरडी सुजते, पू होतो, तोंडाला घाण वास येतो, गिळताना कानापर्यंत कळ जाते, तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नाही. चार-आठ दिवसांनी हे आपोआप उतरतं आणि बाई म्हणते, 'गेलं बाई एकदाचं.' महिन्या-दोन महिन्यांनी ते पुन्हा येतं. गरोदरपणात तर हिरड्या मुळातच लवकर सुजतात, लवकर रक्त येतं, त्यामुळे हे दुखणं नेमकं तेव्हाच उसळी मारू शकतं.

आता बाईला त्यातून सुटका हवी असते आणि दवाखाना लांब असतो. अशा वेळी घरातली मोठी बाई काय देते? मिशरी. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजून केलेली ही पूड आपल्या महाराष्ट्रातल्या बायकांच्या किती पिढ्यांनी हिरड्यांवर घासली असेल याची गणती नाही. मी ज्या ज्या मिशरीवाल्या मावशींना विचारलं, 'कधीपासून लावता?' त्यांतल्या कितीतरी जणींचं उत्तर एकच होतं: 'दाढ दुखत होती, तेव्हा सासूनं दिली.' दाढ पुढे केव्हातरी थांबली, मिशरी थांबली नाही. सकाळी लावली नाही तर परसाकडं होत नाही, डोकं धरतं, कामात लक्ष लागत नाही. याला आपण सवय म्हणतो. नवऱ्याच्या दारूला मात्र व्यसन म्हणतो.

मिशरीने दाढ बरी होत नाही, हिरडी बधिर होते एवढंच. आणि तंबाखू तोंडाच्या कर्करोगाचं कारण आहे, मग ती ओढा, चघळा किंवा घासा. पोटातल्या बाळालाही ती सोडत नाही. मुंबईतल्या १२१७ गरोदर स्त्रियांचा एक अभ्यास २००४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आला. तंबाखू वापरणाऱ्या त्यांतल्या बहुतेक जणी मिशरी लावणाऱ्या होत्या. त्यांच्या बाळांचं जन्मवजन इतर बायकांच्या बाळांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं. बाईच्या दाढेवर वेळेत उपचार झाला नाही तर त्याचा हिशोब पुढे कुठे कुठे लागतो ते यावरून कळावं. मिशरीविरुद्ध आपण घोषणा पुष्कळ दिल्या. पण ज्या दुखण्यासाठी ती हातात आली त्या दुखण्याची सोय केल्याशिवाय या घोषणा देणं मला स्वतःला जड जातं.

माझ्याकडे येते. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात दंतवैद्य आठवड्यातून दोनच दिवस. त्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी आरशात मला माझीच दाढ दाखवली आणि म्हणाल्या, 'ताई, ही हाडात आडवी आहे, इथे निघायची नाही, मोठ्या ठिकाणी जावं लागेल.' मोठं ठिकाण म्हणजे सव्वादोन तासांचा एसटीचा प्रवास. पहिली गाडी पोचते दहाला आणि केसपेपरची खिडकी बंद होते साडेअकराला. पहिल्या दिवशी केसपेपर आणि तपासणी झाली. दुसऱ्या खेपेला पूर्ण जबड्याचा एक्स-रे. तिसऱ्या खेपेला तारीख, सत्तेचाळीस दिवसांनंतरची. खासगीत चौकशी केली तेव्हा आठ हजार सांगितले. आमच्या मानधनात ते बसत नव्हतं.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतले उपचार महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत केले, ही चांगलीच गोष्ट झाली. पण मोफत म्हणजे फुकट पडतं असं नाही. तीन खेपांचं भाडं, तीन दिवसांची बुडालेली मजुरी, शेजारणीकडे ठेवलेलं मूल, परत आल्यावर तसाच पडलेला भांड्यांचा ढीग आणि 'आजपण गेलीस होय?' हा प्रश्न, हे सगळं बाईच्याच खात्यावर पडतं. जबड्याचं हाड कोरून दाढ काढणारे सर्जन बहुतेक ठिकाणी एखाद-दोनच असतात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासनाची जुनी दंत महाविद्यालयं आहेत, पण आमच्या भागातून तिथवर जाणं म्हणजे मुक्कामाची सोय बघणं आलं. बाईमाणसाने एका दाढेसाठी मुक्काम करायचा, हे कुठल्या घराला पटतं?

वाट बघायला लागते याबद्दल मला सरसकट तक्रार करायची नाही. काही वाट बघणं वैद्यकीय कारणाने असतं. हिरडी सुजून पू झालेला असताना बधिर करण्याचं इंजेक्शन नीट लागू पडत नाही आणि तोंडही पुरतं उघडत नाही, म्हणून आधी जागा धुऊन घेतात, गरज असली तर औषध देतात, आणि सूज उतरल्यावर दाढ काढतात. हे काही दिवसांचं थांबणं समजण्यासारखं आहे. पुढचे पाच-सहा आठवडे मात्र माणसं कमी, खुर्च्या कमी म्हणून जातात. बाईला कुणी हे वेगळं करून सांगत नाही. तिच्या हातात एक चिठ्ठी पडते, तिच्यावर तारीख असते, आणि त्या तारखेपर्यंत ठणका कसा काढायचा याबद्दल त्या चिठ्ठीवर एक अक्षर नसतं. खिडकीपाशी मी विचारलं, 'तोवर दुखलं तर?' उत्तर मिळालं, 'दुखणारच की ताई, सहन करा थोडं.'

सहन करा. हा सल्ला बाईला दवाखान्यात मिळतो तेव्हा तिला त्यात काही वावगंही वाटत नाही, कारण घरी तो तिला पाळण्यापासून मिळालेला असतो. बाईचं दुखणं कमी धरलं जातं हे केवळ आपलंच गाऱ्हाणं आहे असं नाही. अमेरिकेत डायान हॉफमन आणि अनिता टार्झियन या दोघींनी २००१ साली 'द गर्ल हू क्राइड पेन' या निबंधात तिथल्या अनेक अभ्यासांचा आढावा घेतला. स्त्रियांनी सांगितलेली वेदना मनाची म्हणून बाजूला सारली जाण्याची आणि तिच्यावर पुरेसा उपचार न होण्याची शक्यता जास्त असते, असंच त्यांना दिसलं. आपल्याकडे तर बाई सांगतच नाही, त्यामुळे बाजूला सारायची वेळही येत नाही.

रात्री काय होतं ते बघा. दाढ दिवसापेक्षा रात्री जास्त ठणकते. दोन खोल्यांच्या घरात बाई उठते, कण्हण्याने कुणाची झोप मोडू नये म्हणून स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून बसते, आणि पहाटे पाण्याची वेळ झाली की तशीच कामाला लागते. सकाळी घरात कुणाला पत्ता नसतो. जेवणाचंही तेच. तिला चावता येत नाही, पण तिच्या वाट्याला येते ती उरलेली, वाळलेली भाकरी. तिच्यासाठी वेगळा मऊ भात कोण टाकणार? मग ती एक सोपी युक्ती करते. उपवास धरते. गुरुवार, चतुर्थी, एकादशी, जे जवळ असेल ते. उपवास म्हटला की का जेवत नाहीस असं कुणी विचारत नाही. एका गावात एक सून सलग नऊ दिवस फक्त दूध-केळं खाऊन होती. घरातल्यांना तिच्या भक्तीचं कौतुक. त्या उपाशी पोटावर ती मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी दिवसातून चार वेळा घेत होती, आणि दहाव्या दिवशी पोट धरून बसली.

म्हणून तारखेपर्यंतचे दिवस काढायचे कसे याबद्दल मला डॉक्टरांकडून जे कळलं आणि जे उपयोगी पडलं ते इथे नीट लिहिते. बैठकीत वाचून दाखवायला हरकत नाही.

पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून प्रत्येक खाण्यानंतर आणि झोपताना खळखळून चुळा भरायच्या. ऐकायला किरकोळ वाटतं, पण झालरीखालचे कण निघून जाणं हाच अर्धा उपचार आहे. डॉक्टरीणबाईंनी मला बिनसुईची एक सिरिंज दिली होती. तिच्यात तेच कोमट मीठपाणी भरून दाढेच्या मागच्या फटीत हलकेच सोडायचं. मला सगळ्यांत जास्त आराम याने पडला. दुखतं म्हणून त्या बाजूला ब्रश लावायचा नाही असं आपण करतो, त्याने घाण वाढते. मऊ ब्रशने हळूहळू का होईना ती जागा साफ करायची. सूज असेल तर गालावर बाहेरून थंड पाण्याची घडी दहा-पंधरा मिनिटं ठेवायची. उशाला दोन उशा घेऊन डोकं उंच ठेवलं की रात्रीचा ठणका थोडा उतरतो. जेवायला मऊ भात, मुगाचं कढण, ताक, उकडून कुस्करलेला बटाटा. आणि हे तिला तिच्याच घरात, तिच्याच हातचं का होईना, पण जेवणाच्या वेळी मिळालं पाहिजे, सगळ्यांचं उरकल्यावर नव्हे.

गोळ्यांबद्दल. पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅमची गोळी मोठ्या माणसाला एका वेळी एक किंवा दोन, मध्ये किमान सहा तास सोडून, आणि चोवीस तासांत आठपेक्षा जास्त कधीही नाही. वजन फार कमी असेल किंवा यकृताचा आजार असेल तर त्याहूनही कमी, डॉक्टरांना विचारून. मेडिकलमध्ये मिळणाऱ्या दुखण्याच्या आणि सर्दीच्या कितीतरी गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेलं असतं, म्हणून दोन वेगवेगळ्या नावांच्या गोळ्या एकत्र घेताना पाकिटावरचं बारीक अक्षर कुणाकडून तरी वाचून घ्यायचं. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्या सुजेवर चांगल्या लागू पडतात, पण त्या भरल्या पोटीच घ्यायच्या. ज्यांना पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास किंवा दमा आहे त्यांनी आणि गरोदर बायकांनी त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात घ्यायच्या नाहीत. ठणका डोक्यात गेल्यावर गोळी शोधण्यापेक्षा वाईट दिवसांत ती ठरलेल्या वेळी घेतलेली बरी. 'दिवसभर सहन केलं, रात्री मात्र घेतली' हे आपल्या बायका अभिमानाने सांगतात. या अभिमानाचं मूळ कुठे आहे ते मी वर लिहिलंच आहे.

लवंग चालते. कापसाच्या बोळ्यावर लवंगेच्या तेलाचा एखादा थेंब, थोडा वेळ. जास्त ओतलं तर हिरडी भाजते. ॲस्पिरिनची गोळी हिरडीवर दाबून धरण्याचा प्रकार मी दोन ठिकाणी पाहिला, त्याने आतून पांढरी जखम होते. गालावर तापलेल्या फडक्याचा शेक सुजेवर घ्यायचा नाही. आणि मेडिकलवाल्याकडून दोन दिवसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या आणून खाणं सोडायचं. सूज पसरत असेल, ताप असेल, तर डॉक्टर अँटिबायोटिक देतात आणि ते सांगितलं तितके दिवस पुरं घ्यायचं असतं. नुसत्या ठणक्यावर त्याचा उपयोग नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं. सूज जबड्याखाली किंवा गळ्याकडे उतरायला लागली, तोंड एका बोटाएवढंही उघडेना, थुंकी गिळता येईना, आवाज बदलला, श्वासाला जड वाटू लागलं, थंडी वाजून ताप आला, यांतलं काहीही झालं तर तारखेची वाट बघायची नाही. त्याच दिवशी, रात्र असेल तर रात्री, रुग्णालयाच्या अपघात विभागात जायचं. दाढेचा पू गळ्यात उतरून श्वास कोंडू शकतो आणि माणूस दगावू शकतो. 'दाढ तर आहे' म्हणणाऱ्या प्रत्येक घरात हे वाक्य मोठ्याने सांगायला हवं.

बायकांच्या मनात आणखी दोन-तीन गोष्टी घट्ट बसलेल्या असतात, ज्यांच्यामुळे हातात आलेली तारीखही चुकते. दाढ काढली की नजर जाते, ही त्यांतली पहिली. दातांची शीर वेगळी आणि नजरेची वेगळी, दाढ काढून डोळे जात नाहीत. दुसरी, पाळीच्या दिवसांत काढायची नाही. तिसरी, गरोदरपणात दाताला हातच लावायचा नाही. खरं तर जंतूंनी भरलेली दाढ तोंडात ठेवणंच आई-बाळाला बाधक. गरजेचा दंतोपचार गरोदरपणात करता येतो, मधले तीन महिने त्याला सर्वांत सोयीचे, आणि बधिर करण्याचं नेहमीचं इंजेक्शनही चालतं. मात्र आपण गरोदर आहोत हे डॉक्टरांना आधी सांगायचं.

सांगायचं म्हटलं की एक अवघड जागा येते. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बायकांना दाढ काढल्यानंतर त्या खड्ड्यातली रक्ताची गाठ निघून जाऊन तिसऱ्या-चौथ्या दिवशी भयंकर ठणका लागण्याचा धोका जास्त असतो. तंबाखूनेही तो वाढतो. म्हणजे माला-एन घेता का, मिशरी लावता का, हे डॉक्टरांना माहीत असायला हवं. पण हे विचारतात कुठे? खुर्चीच्या शेजारी सासू उभी असताना. कितीतरी जणी गोळ्या घरात लपवून घेत असतात, त्या तिथे मान हलवतात, 'नाही.' बाईला दोन मिनिटं एकटीला विचारलं तर काय बिघडतं? स्त्रीरोग विभागात यासाठी आपण भांडलो, दातांच्या विभागात भांडायचं सुचलंच नाही.

सत्तेचाळिसाव्या दिवशी माझ्या हातात संमतीचा कागद आला. शिकाऊ डॉक्टर म्हणाला, 'यावर मिस्टरांची सही लागेल.' मी एकटी राहते हे सांगितलं. 'मग भावाची? वडलांची?' सोबत माणूस असावं हा आग्रह मी समजू शकते, दाढ काढल्यावर दोन-अडीच तास एसटीने एकटीने जाणं बरं नव्हे, आणि माझ्यासोबत आमच्या गटातल्या एक काकी आल्याही होत्या. पण सहीचं काय? सज्ञान, शुद्धीवर असलेल्या बाईच्या शरीरावरच्या उपचाराला संमती तिचीच लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात हे स्पष्ट सांगितलं आहे. त्या खटल्यात तर रुग्ण भूल दिलेल्या अवस्थेत होती आणि तिच्या आईची संमती घेतली होती; तीसुद्धा न्यायालयाने ग्राह्य धरली नाही. संमती म्हणजे नुसती सही नव्हे, आधी पुरेशी माहिती दिलेली असली पाहिजे, हेही त्यात आहे. मी हे शांतपणे सांगितलं. मुलगा बिचारा गोंधळला, आत जाऊन वरिष्ठांना विचारून आला आणि म्हणाला, 'तुम्हीच करा.' मग मी विचारलं, धोके कोणते? तेव्हा कळलं, की खालच्या अक्कलदाढेच्या मुळाजवळून एक नस जाते, तिला धक्का लागला तर ओठ किंवा हनुवटी बधिर राहू शकते, जिभेचंही तसंच होऊ शकतं, बहुतेक वेळा काही आठवड्यांत-महिन्यांत ते भरून येतं, क्वचित राहतं. हे मला न विचारता सांगायला हवं होतं. माझ्या आधी त्या खुर्चीत जी विशीतली मुलगी बसली होती, तिच्या कागदावर तिच्या नवऱ्याने सही केली आणि तिला कुणीच काही सांगितलं नाही.

दाढ तीन तुकड्यांत निघाली, पाऊण तास लागला. सर्जन हाताला हलके होते, त्यांचं श्रेय त्यांना. टाके काढायला सातव्या दिवशी पुन्हा यायला सांगितलं होतं, ते काम आमच्या ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी पाच मिनिटांत केलं. म्हणजे ही खेप वाचू शकते! मग ती प्रत्येकीचीच का वाचत नाही?

जानेवारी २०२५ मध्ये आमच्या गटाने जिल्ह्याच्या रुग्णालयात निवेदन दिलं. त्रेसष्ट बायकांच्या सह्या आणि अंगठे होते. मागण्या मोठ्या नव्हत्या. तपासणी, एक्स-रे आणि तारीख एकाच खेपेत व्हावं. तारखेच्या चिठ्ठीमागे तोवर कोणती गोळी किती घ्यायची आणि कोणत्या लक्षणांना ताबडतोब यायचं ते मराठीत छापलेलं असावं. वाट पाहण्याच्या काळात हिरडी धुऊन देण्याचं आणि नंतर टाके काढण्याचं काम तालुक्यालाच व्हावं. बाईला एकटीला विचारावं आणि सही तिचीच घ्यावी. अधीक्षकांनी निवेदन वाचलं. मनुष्यबळ नाही, हे उत्तर अपेक्षित होतंच. एक्स-रे आणि तारीख एका दिवशी देणं मात्र सुरू झालं आहे, सोमवारी आणि गुरुवारी. चिठ्ठीमागे छापायला पैसे नाहीत म्हणाले. तेव्हा तो मजकूर आम्हीच डॉक्टरीणबाईंकडून तपासून घेतला, मोठ्या टाइपात एका पानावर छापला, आणि केसपेपरच्या खिडकीशेजारी चिकटवायची परवानगी मिळवली. आमच्यातल्या दोघी आळीपाळीने गुरुवारी तिथे बसतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवतात, आणि जिच्यासोबत कुणी नाही तिच्यासोबत आत जातात. ज्या गटांना हे पान हवं असेल त्यांनी कळवावं, झेरॉक्सपुरते पैसे पाठवावेत. आणि आपल्या भागातल्या बायकांना दाढेसाठी किती दिवसांनंतरची तारीख मिळते ते लिहून पाठवावं. तारखेच्या चिठ्ठीची प्रत जोडता आली तर फारच बरं.